शिंपल्याचं नाव आणि त्याचं पाणी

गोदावरीतल्या शिंपल्यांवर काम करणाऱ्याला दोन प्रश्नांना कायम सामोरं जावं लागतं: हा शिंपला कोणता, आणि तो राहतो कुठे? पहिला प्रश्न वर्गीकरणाचा, दुसरा अधिवासाचा. प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे दोन वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. वर्गीकरण टेबलावर, शिंपला हातात घेऊन करायचं. अधिवासाची नोंद काठावर, पाण्याचं तापमान आणि सामू मोजून करायची. या कामात इतका काळ घालवल्यावर माझं मत असं झालं आहे की गोड्या पाण्यातल्या शिंपल्याच्या बाबतीत हे दोन प्रश्न सुटे करता येत नाहीत. तो कोणत्या तळावर, किती प्रवाहात, किती खोलीवर वाढला हे ठाऊक नसेल तर त्याच्या आकाराचा अर्थ लागत नाही, आणि आकाराचा अर्थ लागल्याशिवाय नाव पक्कं होत नाही. तरीही ‘लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, गोदावरी’ एवढाच मजकूर असलेल्या चिठ्ठ्या संग्रहांतल्या बाटल्यांवर सर्रास आढळतात. गोदावरी १४६५ किलोमीटर वाहते. त्र्यंबकेश्वरजवळची ओढ्याएवढी नदी, पैठणचा जलाशय आणि आंध्र प्रदेशातलं समुद्राजवळचं रुंद पात्र यांत पाण्याचा वेग, तळाची माती आणि मासे या सगळ्यांतच फरक आहे. अशी चिठ्ठी लावलेला नमुना ओळखला गेला असं आपण धरून चालतो. माझ्या मते तो अर्धाच ओळखला गेलेला असतो.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास, म्हणजे पैठण, गंगापूर तालुक्यातलं कायगाव टोका आणि नाथसागराचा काठ या पट्ट्यात, अभ्यासकाची गाठ मुख्यतः चार जातींशी पडते: लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, लॅमेलिडेन्स कोरिआनस, पॅरेसिया कॉरुगेटा आणि इंडोनाया सेरुलिया. चौघेही मृदुकाय संघातल्या शिंपाधारी वर्गातले, युनिओनिडी कुळातले. लॅमेलिडेन्सचे शिंपले मोठे, लांबट, बाहेरून तपकिरी ते काळपट, आणि बिजागरीचे दात पातळ पट्ट्यांसारखे. पॅरेसिया आखूड, जाड, गोलसर. तिच्या बिजागरीचे दात दणकट आणि वरच्या उंचवट्यावर नागमोडी सुरकुत्या. इंडोनाया आकाराने लहान, आणि तिच्या आतल्या थरावर निळसर झाक. प्रजातीपर्यंत पोचायला ही लक्षणं पुरतात, आणि बिजागरी नीट पाहायला शिकलेला विद्यार्थी लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया यांत क्वचितच गोंधळतो. अडचण त्यापुढे सुरू होते. लॅमेलिडेन्सच्या दोन जातींमधला जो फरक हातपुस्तिकांत दिलेला असतो तो प्रामुख्याने बाह्याकृतीचा आहे: कोरिआनस अधिक अरुंद आणि लांब, मार्जिनॅलिस अधिक रुंद आणि अंडाकृती. मोठ्या संख्येने शिंपले मोजायला घेतले की रुंदी आणि लांबीचं गुणोत्तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग सरकत जातं, आणि रेघ कुठे मारायची हे मोजणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहतं. पॅरेसियाच्या सुरकुत्यांचीही तीच गत. त्या कोवळ्या वयात स्पष्ट असतात. पुढे वाळूच्या घर्षणाने आणि पाण्यातल्या आम्लाने उंचवटा झिजतो, आणि ज्या खुणेवरून ओळख पटायची तीच नाहीशी होते. खूण किती झिजली हेही अखेर शिंपला कुठे राहिला यावरच ठरतं.

ही नावं कशी पडली हे पाहिलं तर अडचणीचं मूळ सापडतं. डेन्मार्कच्या ओटो फ्रीडरिश म्यूलरने १७७४ साली कोरोमंडलहून आलेल्या शिंपल्यांवरून कॉरुगेटा या जातीचं वर्णन केलं. पॅरिसमध्ये लामार्कने १८१९ साली मार्जिनॅलिसचं केलं. फिलाडेल्फियात प्रकाशनाचा व्यवसाय करणाऱ्या आयझॅक ली यांनी १८३१ साली सेरुलिया आणि १८३४ साली कोरिआनस या जाती नोंदवल्या. यांच्यापैकी कोणीही आपल्या नद्या पाहिल्या नव्हत्या. त्यांच्यापर्यंत पोचल्या त्या जहाजातून गेलेल्या कोरड्या शिंपा. आतला प्राणी नाही, तळाचा गाळ नाही, पाण्याचा वेग नाही. आकार थोडा निराळा दिसला की नवं नाव द्यायचं, हीच त्या काळाची रीत होती. ली यांनी नागपूरच्या शिंपल्यांना दिलेलं ‘नागपूरेन्सिस’ हे नाव असंच. पुढे ते कॉरुगेटाचा एक प्रकार म्हणून आणि नंतर तिचंच दुसरं नाव म्हणून गणलं गेलं. युरोपातही हेच झालं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बूर्गिन्या यांच्या पठडीने ॲनोडोंटा या एकाच प्रजातीत शेकडो जाती मोजल्या. आज त्यांतल्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. आपल्याकडे १९१५ साली प्रेस्टन यांचा गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवरचा खंड आला. १९१६ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली, आणि तिचे पहिले संचालक ॲनन्डेल व त्यांच्यानंतर बैनी प्रसाद यांनी शिंपेबरोबर आतला प्राणी आणि त्याची जागा यांकडेही लक्ष वळवलं. १९८९ साली आलेलं सुब्बा राव यांचं हातपुस्तक आजही प्रत्येक प्रयोगशाळेत हाताशी असतं. या सगळ्या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण तिचा पाया ज्या नमुन्यांवर रचला गेला त्यांच्यासोबत त्यांचं पाणी आलं नव्हतं, हे मान्य केल्याशिवाय पुढचं काम नीट होणार नाही.

शिंपेवर पाण्याचा इतका प्रभाव का पडतो, याचं उत्तर या प्राण्याच्या जगण्यात आहे. तो पायाने तळात रुततो, मागचं टोक वर ठेवतो, कल्ल्यांतून पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म कण खातो. आयुष्याचा बहुतेक काळ तो काही मीटरांच्या आतच राहतो. जागा सोडून पळणं त्याला जमत नाही, म्हणून जागेशी जुळवून घेण्याचं काम त्याच्या शरीराला करावं लागतं. शिंपेचा प्रत्येक नवा थर त्या वेळच्या अन्नानुसार, चुन्यानुसार आणि तळाच्या घट्टपणानुसार घातला जातो. वाहत्या पाण्यात, वाळू-गोट्यांच्या तळावर शिंपा बहुधा जाड आणि वजनदार होते. संथ पाण्याच्या मऊ गाळात ती पातळ होते आणि प्राणी खोल बुडू नये इतकी फुगीर राहते. अमेरिकेतल्या नद्यांवर काम करणाऱ्या ऑर्टमन यांनी १९२० साली आकार आणि ठिकाण यांचा संबंध सविस्तर मांडला: एकाच जातीचे शिंपले नदीच्या उगमाकडे चपटे आणि खालच्या मोठ्या पात्रात फुगीर होत जातात. त्यापूर्वी यांतल्या कित्येक टोकांना स्वतंत्र जाती समजलं जात होतं. याहून ठळक उदाहरण आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांमध्ये आहे. तिथला स्यूडोम्युलेरिया डॅलिआय हा शिंपला आपली एक झडप खडकाला कायमची चिकटवून जगतो. एडगर स्मिथ यांनी १८९८ साली त्याचं वर्णन केलं, आणि रूपसाम्यामुळे त्याला आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतल्या नदीतल्या कालवांच्या कुळात बसवण्यात आलं. २००० साली बोगन आणि हो यांनी जनुकीय पुरावा तपासला तेव्हा तो युनिओनिडी कुळात, म्हणजे आपल्या साध्या लॅमेलिडेन्सच्या कुळात निघाला. खडकाळ, वेगवान पाण्याने दूरदूरच्या खंडांतल्या निरनिराळ्या वंशांना सारखंच रूप दिलं होतं. तिथे अधिवासाने कुळाच्या पातळीवर फसवलं. मग दोन जवळच्या जातींच्या पातळीवर तो किती फसवत असेल, याचा अंदाज बांधणं अवघड नाही.

आता हाच विचार पैठणला लावून पाहू. १९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण होऊन नाथसागर भरला. जवळपास दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, २७ दरवाजे, १०२ टीएमसीहून थोडी जास्त साठवणक्षमता, आणि पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटरांवर पसरणारं उथळ पाणी. त्याआधी इथे डोह होते, वाळूचे पट्टे होते, खडकाळ उतार होते, आणि पावसाळ्यात हे सगळं घुसळून काढणारा पूर होता. आज वरच्या अंगाला कायगाव टोक्याच्या पुढेही फुगवटा जातो आणि तळावर काळ्या मातीचा गाळ बसतो. धरणाखाली आपेगाव, हिरडपुरी अशा बंधाऱ्यांनी पात्राचे लांबट तलाव करून टाकले आहेत, आणि मधल्या उघड्या पात्रातून वाळू उपसली जाते. जलाशयाची पातळीही स्थिर नसते. २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत तो मृतसाठ्यापर्यंत खाली गेला. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेऱ्याची पिकं घेतली जातात, आणि ज्या तळात शिंपले रुतून तग धरू पाहतात त्याच तळावर नांगर फिरतो. यात आणखी एक धागा आहे जो वरून दिसत नाही. शिंपल्याची मादी अंडी कल्ल्यांत सांभाळते. तिथून बाहेर पडलेलं पिल्लू माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून काही काळ परजीवी म्हणून जगतं आणि मग तळावर उतरतं. म्हणजे शिंपल्याच्या अधिवासात मासाही येतो. धरणाने माशांची ये-जा अडवली, जलाशयात कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं गेलं, तिलापिया वाढला. शिंपल्यांपुढचे यजमान बदलले. अशा नदीतून आज घेतलेला नमुना आणि धरणापूर्वी घेतलेला नमुना यांच्या आकारात तफावत दिसली, तर ती दोन जातींची आहे की एकाच जातीच्या दोन पाण्यांची? नोंद ठेवली असेल तरच हा प्रश्न विचारता येतो. नुसत्या शिंपेकडे बघून तो सुचतही नाही.

यावर पहिला आक्षेप तर्काचा आहे, आणि तो वजनदार आहे. अधिवासावरून नाव ठरवायला लागलो तर आपण प्राण्याला सोडून पाण्यालाच नाव देऊ. गाळातला तो मार्जिनॅलिस, वाळूतला तो कोरिआनस असं म्हणत गोल फिरत राहू. वर्गीकरण वंशसंबंधांवर उभं राहिलं पाहिजे आणि पाणी हे वंशाचं लक्षण नव्हे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण माझी मागणी अधिवासाला ओळखपट्टीतलं लक्षण करण्याची नाही. बाकीच्या लक्षणांना किती वजन द्यायचं, हे ठरवण्यासाठी तो हवा आहे. एकाच ठिकाणच्या, एकाच तळावरच्या लहानमोठ्या शिंपल्यांत दोन स्पष्ट गट पडले आणि मधल्या अवस्था सापडल्या नाहीत, तर तो फरक पाण्याचा नाही असं म्हणायला आधार मिळतो, कारण पाणी दोघांना सारखंच होतं. उलट, फरक फक्त दोन वेगळ्या तळांची तुलना करतानाच दिसत असेल, तर तो जातीचा आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. हे दोन्ही निष्कर्ष काढायला नमुना कुठल्या तळावरचा होता हे माहीत असावं लागतं. मोजमापांचे तक्ते कितीही काटेकोर असले तरी वेगवेगळ्या तळांवरचे नमुने एकाच ढिगात मिसळले असतील, तर त्यातून निघणारी सरासरी कोणत्याच खऱ्या शिंपल्याची नसते.

दुसरा आक्षेप तरुण अभ्यासक घेतात, आणि त्यांच्या उत्साहाचं मला कौतुक आहे. डीएनए वाचता येतो. मग शिंपेच्या आकाराची आणि तळाच्या गाळाची एवढी चर्चा हवी कशाला? जनुकीय अभ्यासाने या क्षेत्रात मोठी भर घातली हे खरं आहे. स्यूडोम्युलेरियाचं उदाहरण मी वर दिलंच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने आपल्या पॅरेसिया आणि लॅमेलिडेन्स यांचं नातं आफ्रिकेतल्या सीलाट्युराशी जोडून त्यांना पॅरेसिनी या एकाच उपकुळात आणलं. शिंपेकडे बघून हे नातं कुणी एवढ्या खात्रीने सांगितलं नसतं. पण डीएनएचा क्रम स्वतःचं नाव घेऊन येत नाही. तो आधी नाव दिलेल्या एखाद्या नमुन्याशी ताडून पाहावा लागतो, आणि त्या नमुन्याचं नाव कोणीतरी शिंपा पाहूनच दिलेलं असतं. तिथे चूक झाली असेल तर ती पुढच्या प्रत्येक तुलनेत उतरते, आणि आता तिच्यावर आधुनिक तंत्राची मोहोर असते. म्यूलरचं नाव खऱ्या अर्थाने कशाला लागू आहे हे ठरवायचं तर कोरोमंडलच्या नद्यांतले नमुने लागतील, आणि लीच्या नागपूरेन्सिसचा निकाल लावायचा तर नागपूरकडचे. म्हणजे डीएनएचा रस्ताही ठिकाणाशीच येऊन पोचतो. शिवाय या कुळाची एक खासियत आहे. त्यातल्या बऱ्याच जातींत तंतुकणिकेचा वारसा दोन वाटांनी चालतो: नराच्या बीजग्रंथीत ती बापाकडून आलेली असते, शरीराच्या उरलेल्या भागात आईकडून. एकाच प्राण्याच्या या दोन ऊतींमधला फरक दोन जातींमधल्या फरकाइतका, किंबहुना त्याहूनही मोठा असू शकतो. कोणत्या लिंगाच्या प्राण्याचा कोणता भाग घेतला हे लिहून ठेवलं नसेल, तर डीएनएही फसवतो. तेव्हा नवं तंत्र नोंदीची गरज कमी करत नाही, उलट वाढवतं.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. हे शिंपले देशभर मिळतात, धोक्याच्या यादीत त्यांची गणती ‘किमान चिंतेची’ म्हणून होते. मग नावावरून एवढा खल कशासाठी? याचं उत्तर आपल्याच प्रयोगशाळांत आहे. १९५८ साली छत्रपती संभाजीनगरमध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या शहरात मृदुकाय प्राण्यांच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी राहिली. शिंपल्यांवर जड धातूंचा, कीटकनाशकांचा, तापमानाचा काय परिणाम होतो, ते ऑक्सिजन किती वापरतात, त्यांचा प्रजननकाळ कोणता, यावर इथे भरपूर काम झालं, आणि त्यातून गोदावरीबद्दल अशी माहिती जमा झाली जी इतर फार थोड्या भारतीय नद्यांबद्दल असेल. पण एखाद्या विषाची घातक मात्रा एका जातीला लागू पडते ती दुसरीला पडेलच असं नाही. नाव डळमळीत असेल तर आकडा बरोबर असूनही त्याचा उपयोग अर्धाच होतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने ज्या तीन जातींवर मोतीसंवर्धनाचं तंत्र उभारलं त्या मार्जिनॅलिस, कोरिआनस आणि कॉरुगेटा याच आहेत. आज महाराष्ट्रातले शेतकरीही हा व्यवसाय करू पाहतात, आणि त्यासाठीचे शिंपले अनेकदा नदीतूनच गोळा होतात. कोणत्या जातीचा शिंपला कोणत्या तळातून किती उचलला, याची नोंद नसेल तर एखाद्या ठिकाणची वस्ती संपल्याचं कळणारही नाही. ‘किमान चिंता’ हा शेरा संपूर्ण देशभरातल्या पसाऱ्याकडे पाहून दिलेला असतो. एखाद्या नावाखाली दोन जाती दडल्या असतील, तर त्यांतली दुर्मीळ जात दुसरीच्या विपुलतेआड संपून जाईल. ही भीती काल्पनिक नाही. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य आज धोक्यात आहेत. धरणं, गाळ आणि प्रदूषण ही तिथली कारणं आपल्याला अनोळखी नाहीत.

पाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर हा विषय शहराच्या अगदी जवळचा आहे. छत्रपती संभाजीनगर नाथसागराचं पाणी पितं, आणि शहरातून व औद्योगिक पट्ट्यातून वाहणारी खाम नदी त्याच नाथसागराला मिळते. पाणी गाळून जगणारा, जागचा न हलणारा आणि थराथराने वाढणारा प्राणी हा त्या पाण्याचा सर्वांत दीर्घकाळचा साक्षीदार असतो. त्याच्या शरीरात साठलेले धातू पाण्याच्या एका दिवसाच्या नमुन्यापेक्षा खूप जास्त सांगतात. पण साक्षीदार कोण आणि तो कुठे उभा होता, हे माहीत असेल तरच त्याच्या साक्षीला किंमत. खामच्या मुखाजवळचा पॅरेसिया आणि पैठणजवळच्या खोल पाण्यातला लॅमेलिडेन्स यांच्यातले आकडे एकमेकांशेजारी ठेवून ‘प्रदूषण वाढलं’ किंवा ‘कमी झालं’ असं म्हणणं शास्त्राला धरून होणार नाही. इथे वर्गीकरण आणि अधिवास या दोन्ही नोंदी एकत्र लागतात. त्या एकत्र ठेवायला वेगळा खर्चही येत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि ती महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही पाळता येईल. प्रत्येक बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर नावाआधी जागा लिहावी: फुगवटा की वाहतं पात्र, गाळ की वाळू की गोटे, पाण्याची खोली, तारीख, जलाशयाची त्या दिवशीची पातळी. मग लिंग, ऊतीचा भाग, आणि कल्ल्यांत पिल्लं होती का हे लिहावं. नाव सर्वांत शेवटी, आणि ते कोणत्या लक्षणांवरून दिलं ते त्याच्यापुढे. ज्या शिंपल्यावर प्रयोग झाला त्याची शिंपा फेकून न देता जपून ठेवावी आणि त्यांतल्या काही पुण्यातल्या भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे सोपवाव्यात, म्हणजे पुढे नाव बदललं तरी जुना आकडा वाया जाणार नाही. पैठणच्या आणि कायगावच्या भोई बांधवांना कोणत्या डोहात कोणता शिंपला सापडतो आणि तो कधीपासून दिसेनासा झाला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत नोंदवावं आणि नंतर नमुन्यांशी ताडून पाहावं. यांतली सर्वांत तातडीची गोष्ट दुष्काळाची आहे. पाणी ओसरलं की तळावर मेलेल्या शिंपा उघड्या पडतात, आणि कोणत्या उंचीवर, कोणत्या मातीत कोणती जात होती याचा नकाशा एरवी कितीही पैसे खर्चून मिळणार नाही असा हाती येतो. गाळपेऱ्याचा नांगर फिरण्याआधी थोडाच अवधी असतो. पुढच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी पैठण, गंगापूर, नेवासा आणि शेवगाव या चार तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी काठ आताच वाटून घ्यावा, चिठ्ठीचा एकच नमुना ठरवावा आणि विद्यार्थ्यांना बिजागरी पाहायला शिकवून ठेवावं. गोदावरीतल्या शिंपल्यांची खात्रीची ओळख या तयारीतूनच उभी राहील.